पंप बंद पडला तर

फेब्रुवारीतली दुपार होती. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठावर, तिथल्या मूळ रहिवासी डेने लोकांच्या एका लहान वस्तीच्या सभागृहात आमच्या कंपनीची माणसे एका जुन्या, कधीच बंद पडलेल्या खाणीच्या सफाईचा आराखडा गावापुढे मांडत होती. दाराशी जाड बुटांचा ढीग पडला होता, त्यांतून वितळणाऱ्या बर्फाचे ओघळ फरशीवर पसरले होते, आणि आतल्या उबेत ओली लोकर, कॉफी आणि वाळवलेला मासा यांचा मिळून एक दाट वास भरून राहिला होता. सभेच्या आरंभी एका आजींनी उभे राहून प्रार्थना म्हटली. मग आमच्या अभियंत्याने पडद्यावर चित्रे दाखवली. खाणीत साचणारे पाणी खोलवर बसवलेले पंप वर खेचतील, ते शुद्धीकरण केंद्रात जाईल, त्यातले आर्सेनिक काढले जाईल आणि नंतरच ते सरोवरात सोडले जाईल. सगळे आपोआप. तोवर डोळे मिटून ऐकत बसलेल्या एका आजोबांनी दुभाषी बाईंमार्फत विचारले, "पंप बंद पडला, तर पहिल्यांदा कोणाला कळेल?" अभियंता म्हणाला, "इशारा लगेच जातो. एडमंटनच्या नियंत्रण कक्षात चोवीस तास माणूस असतो." आजोबांनी मान हलवली, हातातला माशाचा तुकडा तोंडात टाकला, आणि पुढचा प्रश्न कोणीतरी नोकऱ्यांविषयी विचारला. संध्याकाळी बैठकीचे इतिवृत्त तयार झाले. त्या प्रश्नापुढे लिहिले होते, 'समाधानकारक उत्तर देण्यात आले.'

समाधान कोणाचे झाले, हे त्यात लिहिले नव्हते.

एडमंटन तिथून रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर दक्षिणेला आहे. म्हणजे पंप थांबणार गावाशेजारी, पण त्याची वर्दी आधी दुसऱ्या प्रांतातल्या शहरात जाणार, तिथून प्रदेशाची राजधानी असलेल्या येलोनाइफच्या सरकारी कार्यालयात, आणि मग कोणाला आठवण राहिली तर गावात. मी भूजलाच्या रसायनशास्त्रात काम करते, त्यामुळे अभियंत्याचे उत्तर बिनचूक होते हे मला ठाऊक आहे. यंत्रणा खरोखरच चांगली आहे. पण आजोबांनी विचारला होता तो बातमी पोहोचण्याचा क्रम, आणि तो का विचारला हे समजून घ्यायचे असेल तर त्या सरोवराच्या उत्तर काठावर, येलोनाइफच्या उपसागरावर घडलेले माहीत असावे लागते. आमच्या व्यवसायात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी आराखडे वाचायला देण्याआधी तो इतिहास सांगते.

येलोनाइफ शहराच्या वेशीवरच्या जायंट खाणीत १९४८ साली सोने निघू लागले. तिथले सोने सुटे मिळत नाही. ते आर्सेनोपायराइट नावाच्या खनिजात अडकलेले असते, आणि ते सोडवायचे तर खडक दळून भट्टीत भाजावा लागतो. भाजताना धुराड्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड बाहेर पडते. पांढुरकी, पिठासारखी मऊ धूळ. तिला वास नाही, चव नाही, आणि पाण्यात ती विरघळते. पहिली काही वर्षे ही धूळ दिवसाला ७ टनांहून अधिक या प्रमाणात मोकळ्या हवेत जात होती आणि आसपासच्या बर्फावर, खडकांवर, झुडपांवर, पाण्यावर बसत होती. उपसागराच्या काठी येलोनाइव्ज डेने लोकांच्या एन्डिलो आणि डेट्टा या वस्त्या आहेत. हिवाळ्यात बर्फ वितळवून पाणी प्यायचे, उन्हाळ्यात काठावरच्या रानबेरी वेचायच्या, उपसागरात जाळी टाकायची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. १९५१ च्या वसंतात, बर्फ वितळू लागला तेव्हा, एन्डिलो ज्या बेटावर आहे तिथले एक लहान डेने मूल आर्सेनिकच्या विषबाधेने दगावले. खाण कंपनीने कुटुंबाला भरपाई म्हणून ७५० डॉलर दिले. त्यानंतर धूळ पकडणारी यंत्रे बसली आणि पुढे ती सुधारत गेली. बर्फाचे पाणी पिऊ नये अशा सूचना लावल्या गेल्या, पण त्या इंग्रजीत होत्या, आणि ज्यांच्या घरात ते पाणी चुलीवर उकळत होते त्यांच्यातल्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते.

धोका भट्टीवाल्यांना ठाऊक होता, सरकारी अधिकाऱ्यांना ठाऊक होता. ज्यांच्या किटलीत तो होता त्यांना तो घरातल्या आजारपणातून कळला.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती क्वचितच सांगितली जाते. १९७० च्या दशकात सरकारी तपासण्यांवर गावांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा कॅनडातल्या मूळ रहिवाशांची राष्ट्रीय संघटना, पोलाद कामगारांची संघटना आणि टोरांटो विद्यापीठातले संशोधक यांनी एकत्र येऊन १९७७ मध्ये आपली स्वतःची तपासणी केली. त्यांनी डेने मुलांचे आणि खाणीचा खडक दळणाऱ्या गिरणीतल्या कामगारांचे केस तपासले, आणि त्यांत आर्सेनिकचे प्रमाण जास्त आढळले. या प्रकरणाचा इतका बोभाटा झाला की स्वतंत्र तज्ज्ञांचे पथक नेमावे लागले. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्या पानावरच थांबले होते. कामगार आणि शिकारी, दोघांच्याही अंगात तेच विष होते, आणि आपल्या अंगात काय आहे हे दुसऱ्याने सांगण्याची वाट न पाहता ते स्वतः शोधायला निघाले. आज आमच्यासारख्या कंपन्या 'सामुदायिक सहभागातून निरीक्षण' असा शब्दप्रयोग निविदांत मोठ्या अभिमानाने वापरतात. त्याचा आरंभ कोणत्याही कंपनीच्या औदार्यातून झालेला नाही.

पकडलेल्या धुळीचे काय झाले? ती खाणीखालच्या कोठ्यांत भरून ठेवली गेली. जमीन कायम गोठलेली राहील आणि धूळ आत बंदिस्त राहील, असा त्या काळचा हिशेब होता. पण खोदकामामुळे जमीन उबदार झाली होती, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी गोठली नाही. १९९९ मध्ये मालक कंपनीचे दिवाळे निघाले आणि २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड केंद्र सरकारच्या, म्हणजे जनतेच्या, गळ्यात पडले. खाणीतून निघालेले सोने २०० टनांच्या थोडे वर होते. टनभर सोन्यामागे हजार टनांहून अधिक विष, आणि तेही पिण्याच्या पाण्याच्या काठाशी. आता त्या कोठ्यांभोवतीची जमीन गोठवली जाणार आहे. त्यासाठी जमिनीत उभ्या नळ्या घालतात, त्यांत दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड असतो. हिवाळ्यात नळीचे वरचे टोक थंड हवेत गारठते, आतला वायू द्रव होऊन खाली घरंगळतो, खालच्या जमिनीची ऊब घेऊन पुन्हा वायू होतो आणि वर चढतो. वीज नाही, मोटार नाही. तिथली कडाक्याची थंडीच जमिनीतली ऊब उपसून काढते. प्रयोगासाठी बसवलेल्या अशा नळ्यांजवळ मी एका हिवाळ्यात उभी राहिले होते. वरच्या पंखांवर दहिवर जमले होते आणि कान देऊनही काही ऐकू येत नव्हते. या व्यवसायात मी पाहिलेल्या सुंदर रचनांपैकी ती एक आहे, हे मला मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आणि तरीही धूळ तिथेच राहणार आहे, खालचे पाणी उपसून शुद्ध करत राहावे लागणार आहे, आणि त्याला शेवटची तारीख नाही.

ही योजना सुरुवातीला 'कायमस्वरूपी' म्हणून मांडली गेली होती. कायमचे म्हणजे किती, हे त्या वेळी गावांनी आणि शहरानेही विचारले. येलोनाइफच्या नगरपालिकेच्या आग्रहामुळे २००८ मध्ये प्रकल्प पर्यावरणीय मूल्यांकनासाठी गेला, आणि मॅकेन्झी खोऱ्याच्या पुनरावलोकन मंडळाने २०१३ मध्ये अहवाल दिला तेव्हा त्यात २६ बंधनकारक उपाय होते. गोठवण्याची योजना १०० वर्षांपुरतीच मान्य झाली, दर २० वर्षांनी तिचा स्वतंत्र आढावा घ्यायचा ठरले, धूळ निकामी करण्याच्या कायमच्या उपायावर संशोधन चालू ठेवणे बंधनकारक झाले, आणि प्रकल्पावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र मंडळ नेमावे असे ठरले. २०१५ च्या करारानुसार ते मंडळ उभे राहिले, आणि त्या करारावर केंद्र व प्रादेशिक सरकारांच्या बरोबरीने येलोनाइव्ज डेने, नॉर्थ स्लेव्ह मेती (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज), नगरपालिका आणि एक स्थानिक नागरी संघटना यांच्या सह्या आहेत. आता वाचताना हे सरळ वाटते. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षांची सभागृहे होती, थंड झालेली कॉफी होती, कॅरिबूची, म्हणजे उत्तरेतल्या रानटी रेनडियरची, शिकार आणि मासेमारी सोडून आलेली वृद्ध माणसे होती. 'भागीदारी' हा शब्द आमच्या माहितीपत्रकांत हस्तांदोलनाच्या छायाचित्राशेजारी छापला जातो. जायंटच्या बाबतीत तिचा पाया हरकतींनी घातला आहे, आणि प्रकल्प त्या हरकतींमुळेच अधिक शहाणा झाला. २०२१ पासून प्रत्यक्ष सफाईचे मुख्य काम सुरू झाले, आणि त्याच वर्षी येलोनाइव्ज डेने व केंद्र सरकार यांच्यात गावाला मिळायचे लाभ, कंत्राटे आणि जुन्या अन्यायाबद्दलची बोलणी यांविषयी करार झाले. खर्चाचा अंदाज २०२२ मध्ये ४३८ कोटी डॉलरवर गेला.

एवढा पैसा म्हटल्यावर कंपन्या येणारच. मी अशाच एका कंपनीचा पगार घेते. उत्तरेत सफाईचे कंत्राट हवे असेल तर स्थानिक मूळ रहिवाशांच्या मालकीच्या कंपनीशी हातमिळवणी करणे आता जवळजवळ अनिवार्य झाले आहे. येलोनाइव्ज डेने लोकांची डेटॉन चो ही कंपनी १९८८ पासून आहे, आणि जायंटच्या जागेची देखभाल तिने दुसऱ्या एका उत्तरी कंपनीबरोबर भागीदारीत बरीच वर्षे सांभाळली. ज्यांच्या पाण्यात विष गेले, त्यांचीच मुले त्या जागेवर यंत्रे चालवतात, सुरक्षा पाहतात, पगार घरी नेतात. यात समाधान मानावे की विषाद, हे मला कधीच नीट ठरवता आलेले नाही. एका बाईंनी मला सांगितले होते की त्यांचा मुलगा तिथे कामाला लागल्यावर पहिले वर्षभर त्यांना झोप नव्हती, आणि दुसऱ्या वर्षी त्याने घराचे छप्पर नवे केले. दोन्ही वाक्ये त्यांनी एकाच सुरात सांगितली. दुसरीकडे मी असेही करार पाहिले आहेत ज्यांत ५१ टक्के मालकी कागदावर गावाची असते, आणि अभियंते, आकडे, निर्णय, नफ्याचा मोठा वाटा हे सगळे दक्षिणेतच राहते. गावाकडे नाव असते आणि बर्फ उपसायचे काम असते. असे करार ओळखायला मला आता वेळ लागत नाही. प्रयोगशाळेचे निकाल पहिल्यांदा कोणाच्या टपालात पडतात, एवढे एक कलम पाहिले तरी पुरते.

हे कलम माझ्या डोळ्यांत इतके का भरते, याचे मूळ बहुधा चंद्रपुरात आहे. माझे बालपण तिथे, कोळशाच्या पट्ट्यात गेले. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर सकाळी काळी पुटे दिसत, आणि आई ती न बोलता फडक्याने टिपून घेई. पुढे वडिलांबरोबर एका गावातल्या जनसुनावणीला गेले होते. मोठा मंडप, पाण्याच्या बाटल्या, व्यासपीठावर फुलांच्या कुंड्या, आणि टेबलावर जाडजूड इंग्रजी अहवाल. मराठीतला सारांश काही पानांचा होता आणि तो गावात आदल्या आठवड्यात पोहोचला होता. एका शेतकऱ्याने विहिरीची पातळी किती खाली जाईल असे विचारले, तेव्हा त्याला अहवालातले पान सांगण्यात आले. तिथून फार लांब नाही अशा गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात मात्र वेगळी घडी बसलेली आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांचे वाक्य सर्वांना पाठ आहे. पण त्या वाक्यामागे त्यांचा अभ्यासगट आहे, हे कमी लोकांना ठाऊक असते. आधी अभ्यास, त्यात बाहेरची जाणकार माणसेही बसतात, आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय. बाहेरच्याने माहिती द्यावी, निर्णय देऊ नये. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये मेंढा होते, यात मला योगायोग दिसत नाही. उत्तरेतल्या गावांशी कंपनीने कसे वागावे यावर आमच्याकडे जाड पुस्तिका आहेत, आणि मला त्या वाचताना धानोरा तालुक्यातले ते लहान गाव आठवत राहते.

आम्ही तर पर्यावरणासाठीच काम करतो, मग आमच्यावर अविश्वास कशाला, असे माझे काही सहकारी मनापासून विचारतात. त्यांना मी नॉर्वेतल्या फोसेन द्वीपकल्पाची हकीकत सांगते. तिथे हवामान वाचवण्यासाठी पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या राहिल्या त्या जागी तिथल्या मूळ रहिवासी दक्षिण सामी लोकांचे रेनडियर हिवाळ्यात चरत. सामी कुटुंबे सुरुवातीपासून नको म्हणत होती. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की स्टोरहेया आणि रोआन इथल्या प्रकल्पांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात. तोवर १५१ पवनचक्क्या फिरत होत्या. निकालानंतर ५०० दिवस उलटले तरी त्या फिरतच होत्या, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालय अडवले. तडजोडी झाल्या त्या डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये. खाणवाल्याने सोन्यासाठी केले आणि आपण स्वच्छ विजेसाठी करतो, हा फरक आपल्या दृष्टीने मोठा असतो. ज्या कळपाची हिवाळी चराई गेली, त्याच्या मालकाला तो कितीसा जाणवणार? हेतू चांगला असला की माणूस कमी ऐकतो, असे मी माझ्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

ऐकणे म्हणजे काय, याचे मी वाचलेले सर्वांत चांगले उदाहरण कॅरिबूंचे आहे. येलोनाइफच्या उत्तरेला फिरणाऱ्या बाथर्स्ट कळपात १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० कॅरिबू होते. २०१८ च्या गणनेत सुमारे ८,२०० उरले. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून हे आकडे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण कळप कमी का होतो आहे, हे विमानातून दिसत नाही. त्लिचो या डेने लोकांच्या स्वतःच्या सरकारने २०१६ पासून आपली माणसे उन्हाळ्यात त्या ओसाड माळावर पाठवायला सुरुवात केली. जाणते शिकारी आणि तरुण तळ ठोकून राहतात, उंचवट्यावर बसून तासन्‌तास पाहतात, माश्यांनी हैराण झालेली जनावरे कशी धावतात, पिल्ले किती दिसतात, लांडगे कुठून येतात, कोणत्या वाटा कळपाने सोडल्या, हे नोंदवतात. खाणीच्या रस्त्यापाशी कळप अडखळतो तो कसा, हे पायी गेलेल्यालाच दिसते. त्यांच्या नोंदी आणि शास्त्रज्ञांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात. कोणी कोणाला पूरक पुरावा म्हणून वापरत नाही, निदान तसा प्रयत्न तरी असतो.

तरी प्रत्येक गोष्ट गावाच्या हाती द्या, असे म्हणून मोकळे होणेही मला प्रामाणिक वाटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वणवे येलोनाइफच्या दाराशी आले आणि सुमारे २०,००० वस्तीचे शहर रिकामे करावे लागले. एन्डिलो आणि डेट्टाही रिकामे झाले. माणसे गाड्या भरून दक्षिणेला निघाली, त्यांतली बरीच एडमंटनमध्ये आली. एका निवारा केंद्रात मी ओळखीच्या कुटुंबांना भेटायला गेले होते. मुले खेळत होती, मोठी माणसे फोनकडे पाहत बसली होती, आणि एका आजींना काठावर बांधून ठेवलेल्या होडीची काळजी होती. त्या आठवड्यांत उत्तरेतल्या अशा कितीतरी खाणींच्या जागांवर लक्ष ठेवायला दक्षिणेतल्या नियंत्रण कक्षांचाच आधार होता. त्याच वेळी आगीत केबल जळून सरोवराच्या दक्षिणेकडच्या काही गावांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले होते, म्हणजे त्या कक्षांचेही डोळे केव्हा मिटतील याचा भरवसा नव्हता. दोन्हीकडे माणसे हवीत, दोन्हीकडे अधिकार हवा, आणि एकाला कळले की दुसऱ्याला कळलेच पाहिजे. हे इतके साधे आहे, आणि करारात उतरवताना इतके अवघड जाते.

आमच्या त्या लहान खाणीच्या कामात आम्ही हे उतरवण्याचा प्रयत्न केला. पाण्याच्या नमुन्यांचे निकाल प्रयोगशाळेने गावाच्या कार्यालयाला आणि आम्हाला एकाच दिवशी पाठवावेत, अशी मागणी गावाने केली होती आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले. आमच्या कायदा विभागाला ती धोक्याची वाटली. न तपासलेले आकडे लोकांच्या हाती गेले तर घबराट पसरेल, एखादी चूक निघाली तर जबाबदारी कोणाची, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. चुकीचा दशांश मी स्वतः अनेकदा पकडला आहे. गावाच्या बाजूने बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितले की घबराट त्यांच्याकडे तीन पिढ्या आहेच, आकडे नसल्यामुळे ती कमी झालेली नाही. शेवटी आकडे एकाच दिवशी जातील, सोबत 'तपासणी बाकी' अशी नोंद असेल, आणि गावाने निवडलेल्या सल्लागाराची फी कंपनी देईल, असे ठरले. बैठकांच्या तारखाही गाव ठरवते. शरदातल्या शिकारीच्या दिवसांत आम्ही जात नाही. तीनशे माणसांच्या गावात खाणींची, सरकारांची, विद्यापीठांची पत्रे येऊन पडत असतात, आणि प्रत्येक टेबलाशी तीच आठ-दहा माणसे बसतात. त्यांची वेळ मागताना संकोच वाटला पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यापासून नमुने घ्यायला गावातला एक तरुण माझ्याबरोबर असतो. बाटली प्रवाह येतो त्या बाजूला तोंड करून बुडवायची, हातमोजे प्रत्येक ठिकाणी बदलायचे, आम्ल घातलेल्या बाटल्या वेगळ्या ठेवायच्या, हे तो लवकर शिकला; फोर्ट स्मिथच्या अरोरा कॉलेजात पर्यावरणाचा अभ्यासक्रम घ्यायचा त्याचा विचार आहे. एक दिवस होडीत बसून त्याने आमचा नकाशा पाहिला आणि विचारले की त्या खडकाळ टोकाच्या पलीकडे एकही खूण का नाही. प्रवाहाच्या गणितानुसार तिथे खाणीचे पाणी पोहोचत नाही, असे मी सांगितले. तो म्हणाला, वारा पश्चिमेचा असला की पोहोचते. त्याची आजी शरदात तिथेच व्हाइटफिशसाठी जाळे लावते, आणि अशा दिवसांत जाळ्याला गाळ लागतो. आम्ही होडी तिकडे वळवली. ती जागा निरीक्षणाच्या अधिकृत यादीत घालायची तर पाणी परवान्यात दुरुस्ती हवी, त्यासाठी परवाना देणाऱ्या मंडळाकडे अर्ज केला आहे आणि तो अजून फिरतो आहे. दरम्यान प्रत्येक खेपेला आम्ही तिथली एक बाटली भरतो, तिचा निकाल इतरांबरोबर गावाला जातो, आणि त्या एका जादा बाटलीचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा यावर माझा आमच्या हिशेबनिसांशी दर महिन्याला वाद होतो.